मागच्या सीटवरची अम्हारिक

१२ फेब्रुवारी

दादा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कंपनीच्या पत्त्यावर कागद पाठवते आहे. मला एकच सांग. तू वहिनीची भाषा कधी शिकला होतास का? अम्हारिक. शिकला असशील तर सुरुवात कुठून केलीस, अक्षरांपासून की बोलण्यापासून? दोन ओळींत उत्तर दिलंस तरी चालेल. बाकी काही विचारत नाही. का गेलास, कधी येणार, तिथे जेवणाखाण्याचं काय, काही नाही.

विचारण्याचं कारण असं की वहिनीला जरा बरं नाही.

हे 'जरा' खोडायला हात गेला होता. राहू दे. खरं काय ते लिहिते. गेल्या महिन्यात एका सकाळी ती कपड्यांना इस्त्री करत होती आणि मी आरशासमोर वेणी घालत होते. इस्त्री पडल्याचा आवाज आला. मी आतूनच ओरडले, "वहिनी, पाय सांभाळ." उत्तर आलं नाही. बाहेर आले तर ती भिंतीला टेकून बसली होती आणि उजवा हात कुणा दुसऱ्याचा असावा तसा मांडीवर पडला होता. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली, असं डॉक्टर म्हणाले. वेळेवर आणलंत, असंही म्हणाले. ते ऐकून मी खाली जाऊन गाड्यांच्या रांगेत उभी राहून रडले आणि परत वर आले.

आधी ती बोलतच नव्हती. मग एक दिवस बोलायला लागली. मी नर्सला मिठी मारली आणि त्यानंतर माझ्या लक्षात आलं, ती काय बोलते आहे यातलं एक अक्षर मला कळत नाहीये. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'असंबद्ध बोलणे'. मला काही सुचेना. शेवटी तिच्या आईला फोन लावला आणि तो तिच्या कानाशी धरला. तिकडून आई बोलली, इकडून ही बोलली, मग दोघी रडल्या, मग परत बोलल्या. मला काही कळत नव्हतं, पण दोन माणसं एकमेकींचं ऐकताहेत एवढं आंधळ्यालाही दिसलं असतं. मी डॉक्टरांना हाक मारून आणलं आणि त्यांना ते लिहिलेलं खोडायला लावलं.

तर मराठी गेली, दादा. इथली, बाजारात-दवाखान्यात बोलतो ती भाषाही गेली. सहा वर्षं जी बाई "नणंदबाई, तुमचा आळस वाळत घालायला दोरी पुरायची नाही" म्हणून मला उठवायची, तिला आता 'पाणी' म्हटलेलं कळत नाही. भिंतीपलीकडून तिचं मराठी ऐकून शेजारीण मला विचारायची ना, तुमच्या वहिनीचं माहेर कुठल्या गावचं म्हणून? ती वहिनी. राहिली ती फक्त तिची स्वतःची भाषा. असं होतं म्हणे कधी कधी. बाकीच्या परत येतील का, ते कुणी छातीठोक सांगत नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात यांची भाषा कुणाला येते?"

मी म्हटलं, "त्यांच्या नवऱ्याला येत असेल."

"येत असेल?" डॉक्टर म्हणाले.

म्हणून तुला विचारते आहे.

तोवर मोबाईलवर एक शिकवणी घेतली आहे. तिच्यातलं पहिलं वाक्य 'कुत्रा मोठा आहे'. काल मी पलंगाशी उभी राहून तिला मोठ्या कौतुकाने सांगितलं की कुत्रा मोठा आहे. तिने पलंगाखाली बघितलं.

उत्तर दे.

चिंगी

२० फेब्रुवारी

दादा,

तुझ्या कंपनीतल्या माणसाने सांगितलं की पत्र तुझ्या हातात दिलं. म्हणजे तू ते वाचलंस. बरं.

तुझं उत्तर आलं नाही, त्यावरून मी एवढं समजले की तुला अम्हारिक येत नाही. मला तरी कुठे येत होती? एकाच घरात आपण तिघं राहत होतो आणि तिच्या भाषेतला एक शब्द मी कधी विचारला नाही. ती फोनवर आईशी बोलायची तेव्हा मी टीव्हीचा आवाज वाढवायचे.

परवा काय झालं ते सांगते. मी तिला खुणेने विचारलं, दुखतंय का? तिने एकदम श्वास आत ओढला, दचकल्यासारखा. मी परत विचारलं, परत तसंच. मी बेल दाबली, नर्स धावली, ऑक्सिजन आला, तिच्या बोटाला चिमटा लावला. सगळं ठीक. ती आमच्याकडे बघत बसली आणि हळूहळू तिच्या कपाळावर आठी चढली. नंतर कळलं, त्यांच्याकडे 'हो' म्हणायची ती एक रीतच आहे. 'अवो' म्हणजे हो, पण कितीदा नुसता श्वास आत घेऊनच म्हणतात. बिचारी हो म्हणत होती, पाय दुखतो म्हणून सांगत होती, आणि आम्ही तिच्या तोंडावर मास्क बसवत होतो.

हे मला मास्तरांनी सांगितलं. मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे. ते कसे भेटले ते ऐक. दवाखान्यातून कामावर निघाले होते. सिग्नलला एक गाडी थांबली होती आणि तिच्या मागच्या काचेवर वहिनीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरसारखी अक्षरं होती. मी विचार न करता रस्त्यात उतरून खिडकीवर टकटक केलं. आत स्टिअरिंगवर एक बाई होती, शिकाऊ. ती इतकी घाबरली की तिने गाडी चौकात बंद पाडली. मागून भोंगे सुरू झाले.

शेजारचे गृहस्थ काच खाली करून म्हणाले, "गाडी शिकायची असेल तर ऑफिसात या. चौकात नाव लिहून घेत नाही मी."

"गाडी नाही, अम्हारिक शिकायची आहे."

"मी गाडी शिकवतो."

"मी मागे बसून ऐकेन."

भोंगे वाढत होते. त्यांनी मागचं दार उघडलं, कदाचित मी रस्त्यातून हटावं म्हणून. मी बसले.

ती शिकाऊ बाई त्यांच्याच देशातली, म्हणून तिला ते त्यांच्या भाषेत शिकवतात. सारखे ओरडत होते, "केस! केस!" मी आपली वेणी चाचपली. मग कळलं, केस म्हणजे हळू. केन्य म्हणजे उजवीकडे, ग्रा म्हणजे डावीकडे, कुमी म्हणजे थांब. पण बाईमाणसाला कुमी, पुरुषाला कुम. मोबाईलची शिकवणी मला सगळं पुरुषाला बोलतात तसंच शिकवत होती, तेव्हा इतके दिवस मी वहिनीला 'कसा आहेस रे' विचारत होते. ती ओठ चावायची ते दुखण्याने नाही.

मास्तरांचं म्हणणं, सुटे शब्द पाठ करू नका. उद्या सकाळी उठल्यावर तुम्हाला काय बोलावं लागणार आहे, तेवढंच आज शिका, पण अख्खं वाक्य शिका. पहिलं वाक्य त्यांनी दिलं, "मिंदिन नेव?" म्हणजे, काय आहे हे? हे एक हातात असलं की समोरचा माणूसच तुमचं पुस्तक. आणि म्हणाले, तुमचं बरं आहे, तुमचं क्रियापद शेवटी, आमचंही शेवटी. वाक्य संपेपर्यंत धीर धरायची सवय तुम्हाला असेल.

धीराचं त्यांना काय सांगू.

दुसऱ्या दिवशी व्यायाम करून घेणाऱ्या ताई वहिनीला कठड्याला धरून चालवत होत्या. खुणा करून त्या थकल्या होत्या. मी पलीकडे उभी राहून म्हटलं, केन्य. तिने उजवा पाय टाकला. ग्रा. डावा टाकला. केस बेय, म्हणजे सावकाश. मग कुमी. ती थांबली. माझ्याकडे असं बघितलं दादा, की मी कठडा धरला.

मला स्वस्थ बसवत नाही. कामावर एका आजोबांच्या कानाला यंत्र बसवताना त्यांना 'केन्य की ग्रा' विचारलं. ते म्हणाले, यंत्र बिघडलंय.

चिंगी

९ मार्च

दादा,

तिला घरी आणलं. तुझी खोली तिला दिली, कारण तिथून न्हाणीघर जवळ. तुझे कपडे पेटीत भरलेत, टाकले नाहीत.

माझे धडे चालू आहेत. ती शिकाऊ बाई परीक्षेत नापास झाली, माझ्या दृष्टीने फार चांगलं झालं. तिचे धडे वाढले.

आता अडलं आहे ते उच्चारात. त्यांच्याकडे दोन 'क' आहेत, दोन 'त' आहेत, दोन 'च'. मला वाटलं, आपले क आणि ख. तसं नाही. एक आपल्यासारखा, दुसरा घशात दार लावून, श्वास कोंडून, बाटलीचं बूच उडावं तसा. मी मास्तरांचे दोन्ही 'क' मोबाईलवर घेतले आणि कामावर आमच्या आवाजबंद खोलीत गेले. रोज ज्या खुर्चीवर लोकांना कानांच्या तपासणीसाठी बसवते तिथे स्वतः बसले, कानाला हेडफोन, हातात बटण. बाहेरून सहकारणीने एकेक आवाज सोडला. घशातला 'क' ऐकू आला की बटण दाबायचं. संपल्यावर तिने काचेतून माझ्याकडे बघितलं, आणि ते बघणं मला ओळखीचं होतं. ज्याला आता वाईट बातमी सांगायची आहे त्याच्याकडे मी तसं बघते.

घरी येऊन वैतागून बसले. वहिनी समोर होती. मी 'केन्य, केन्य' घोकत होते आणि ते सगळं चुकत होतं. तिने डाव्या हाताने माझी बोटं उचलली आणि आपल्या गळ्यावर ठेवली. म्हणाली, "केन्य." तिचा कंठ माझ्या बोटांखाली वर उडाला आणि खाली आला. मग तिने माझी बोटं माझ्या गळ्यावर ठेवली. मी म्हटलं. कंठ जागचा हलला नाही. ती म्हणाली, नाही. परत. परत नाही. जेवण निवत होतं. शेवटी एकदा तो उडाला. तिने श्वास आत ओढला, फक्त.

तिच्या बोलण्याचा व्यायाम घ्यायला माझी एक मैत्रीण येते, हेच तिचं काम. ती म्हणाली, माझ्या तासापेक्षा तुझ्या चुका सुधारताना वहिनी जास्त शब्द काढते. तू अशीच चुकत राहा. यात मला कष्ट पडत नाहीत.

अक्षरंही सुरू केलीत. दुरून किड्यामुंग्यांसारखी दिसतात, पण आत आपली बाराखडीच. एकेका अक्षराची सात रूपं, मुलं सुरात म्हणतात. फक्त आपला काना आणि वेलांटी शिस्तीत एका जागी बसतात, यांची खूण कधी पायाला, कधी कमरेला, कधी अक्षराचा एक पाय आखूड. आणि जोडाक्षराचा जोर लिहीतच नाहीत. 'अले' म्हणजे तो म्हणाला. 'अल्ले' म्हणजे तो आहे. कागदावर दोन्ही सारखं. कानानेच ओळखायचं.

ह्या एका 'ल'ने मला काय केलं ते लिहायचं नव्हतं. लिहिते.

घरी आल्यापासून संध्याकाळी दाराकडे बघून ती मला विचारायची, "वेंदिम्मिश अल्ले?" वेंदिम्मिश म्हणजे तुझा भाऊ, हे मला माहीत होतं. मला ऐकू यायचं 'अले'. मला वाटायचं ती विचारते आहे, तुझा भाऊ काही म्हणाला का? मी रोज उत्तर द्यायचे, "मिनिम अलालेम." काहीच म्हणाला नाही. ती मान हलवायची आणि दुसऱ्या दिवशी परत विचारायची. मला तुझा राग यायचा, तिचाही थोडा यायचा.

गाडीत मी हे मास्तरांना म्हणून दाखवलं. त्यांनी गाडी कडेला घ्यायला लावली. मग म्हणाले, "ताई, त्या विचारताहेत की तुमचा भाऊ घरात आहे का."

तू गेलास हेच तिला आठवत नव्हतं, दादा. त्या आजारपणात तेवढा तुकडा गळला होता. ती रोज विचारायची, तो घरी आहे का, आणि मी रोज सांगायचे, काही म्हणाला नाही.

त्या संध्याकाळी तिने विचारलं तेव्हा मी म्हटलं, "येल्लेम." नाही. इथे नाही. ती उठून तुझ्या कपाटाकडे गेली, रिकामा कप्पा बघितला आणि परत आली. मला वाटतं तेव्हा तिला आठवलं. त्यानंतर तिने विचारलं नाही.

तिच्या आईशी मीच बोलते आता. मागच्या आठवड्यात ती म्हणाली, तीन वाजता फोन करते. मी काम टाकून दुपारी घरी आले, फोन हातात घेऊन येरझाऱ्या घातल्या. आला नाही. तिकडे त्या बाईने सकाळी नऊलाच लावलेला, कुणी उचलला नाही म्हणून तिने गल्ली गोळा केली होती. त्यांचं घड्याळ उजाडल्यापासून मोजतात. आपले नऊ म्हणजे त्यांचे तीन. मी मास्तरांवर चिडले, हे आधी का नाही सांगितलं? ते म्हणाले, "तुम्ही किती वाजले ते कधी विचारलंच नाहीत. सारखं 'अजून किती दिवस लागतील' एवढंच विचारता."

चिंगी

२ एप्रिल

दादा,

काल तू फोन केलास, बरं वाटलं. आवाज ओळखलाच नाही मी आधी. सर्दी झाली आहे का?

तू तिला जे सांगायला सांगितलंस ते सगळं मी सांगितलं, आणि ती जे म्हणाली ते तुला सांगितलं. ती दमली होती म्हणून बोलणं लांबलं नाही. तू येतोस हे चांगलंच आहे. तिकीट काढ. खोली मी माझी देते, मी बाहेर झोपेन. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी बोलावलं आहे, तू असलास तर बरं.

बाकी ठीक.

चिंगी

३ एप्रिल

दादा,

तिकीट काढू नकोस.

कालचं पत्र टाकून घरी आले, तेव्हापासून चैन नाही. सकाळपासून दोनदा पोस्टात जाऊन आले, पेटी उघडून देता का विचारायला. देत नाहीत. आता कालचं आणि हे, दोन्ही पत्रं तुला एकदमच मिळतील. हे खरं मान.

फोनवर काय झालं ते तुला तुझ्या बाजूने माहीत आहे. ह्या बाजूने असं झालं. मी मध्ये बसले होते, फोन टेबलावर, ती समोर. तू म्हणालास, तिला सांग की मला घाबरायला झालं होतं, म्हणून फोन उचलत नव्हतो. तू जे बोलशील ते मला 'मी' म्हणून सांगावं लागत होतं. "मी घाबरलो होतो. मी येतो आहे." नवऱ्याच्या जागी बसून नवऱ्याचं बोलणं, आणि तेही मोडकं. तिने ऐकलं. मग ती बोलली. भराभर नाही, पण पुष्कळ बोलली. तुलाही तो आवाज ऐकू गेला असेल.

मी तुला सांगितलं, "ती म्हणते, बरं."

तिने ते म्हटलं नव्हतं. तिचा पहिला शब्द होता, "आय्म्ता." त्याने येऊ नये. पुढचं मला सगळं लागलं नाही, पण शेवटचं वाक्य स्वच्छ कळलं, कारण ते मी गाडीत शिकले होते. इन्नाते गा मेहेद इफेल्लिगाल्लेहु. आईकडे जायचंय मला.

मला कळलं आणि मी ते गिळलं. माझा हिशेब असा की तू आलास की ती राहील. तुम्ही दोघं भांडलात तरी चालेल, पण घरात राहाल. तू गेलास तेव्हा मला वाटलं होतं, वहिनी तर आहे. आता ती गेली तर मी कामावरून येऊन कुणासमोर चुका करू?

फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे बघत होती. मराठी तिला कळत नाही, पण बाई मूर्ख नाही. ती म्हणाली, "अच्चिर नेव." आखूड आहे. मी एवढं बोलले आणि तू एवढंसंच सांगितलंस.

मी खुर्चीतून उठले, पाणी प्यायले, खिडकी उघडली, बंद केली, आणि काल तुला ते पत्र लिहिलं. आज पोस्टातून परतल्यावर मात्र तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, केस ब्लेश तेनागेरी. सावकाश सांग. सगळं.

दुपार गेली त्यात. अडलं की मी मिंदिन नेव विचारायचे, मग ती दुसऱ्या शब्दात सांगायची, हाताने दाखवायची. ते मी लिहून काढलं आहे. मास्तरांना विचारणार होते, पण त्यांनी हात जोडले. नवरा-बायकोतलं मी ऐकणार नाही म्हणाले. तेव्हा यात चूक असेल तर ती माझी.

ती म्हणाली: मी त्याला विसरलेले नाही. त्याचं शिंकणं आठवतं, बूट काढून वाटेत टाकणं आठवतं, भांडण आठवतं. पण त्याच्याशी मी जे बोलले ते त्याच्या भाषेत बोलले. ती आता माझ्यापाशी नाही. तो आला तर मी समोर पाहुण्यासारखी बसेन आणि तो मला बघून... इथला शब्द मला नीट लागला नाही. 'हळहळेल' असावा, किंवा 'कीव करेल'. ते मला नको. सहा वर्षं मी त्याच्या भाषेत भांडले आणि हरले. एकदा त्याने मला विचारलं होतं, एकटी असताना मनात कुठल्या भाषेत बोलतेस? मी म्हटलं, तुझ्या. त्याला बरं वाटावं म्हणून. त्याने पुन्हा विचारलं नाही. आता त्याला बोलायचं असेल तर माझ्या भाषेत बोलावं लागेल, आणि मला घाई नाही. आधी मला आईकडे जायचंय. तिथे दुकानात गेले तर दुकानदार माझ्या तोंडाकडे बघणार नाही.

एवढं. यात माझं काही घातलेलं नाही आणि यावेळी काही वगळलेलंही नाही.

मी तिला म्हटलं, जा म्हणून. म्हणजे म्हणायला गेले आणि रडूच आलं. तिने माझ्या पाठीवर डावा हात ठेवला आणि म्हणाली, "आय्झोश." ह्याला मराठी नाही. कुणी ठेचकाळलं, रडलं की म्हणतात. असू दे, आहे मी, असं काहीतरी. जाणारी ती, आणि समजूत माझी.

नंतर तिच्या आईला फोन लावला. मीच बोलले, मुद्दाम. तुमची मुलगी घरी येते आहे. वाक्य बरोबर आलं असावं, कारण तिकडे ताट की भांडं काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला.

चिंगी

२४ जून

दादा,

हे पत्र वहिनीच्या आईकडून लिहिते आहे. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं. मी रजा टाकून तिला सोडायला आले आणि अजून इथेच आहे. सोमवारी निघेन. कामावरून साहेबांचं दुसरं पत्र आलं आहे, तिसऱ्याची वाट बघत नाही.

घर दुसऱ्या मजल्यावर आहे, जिना अरुंद. आम्ही आलो तेव्हा तिची आई खाली रस्त्यावर उभी होती. लेकीला तिने धरलं, गालांना गाल लावले, मग हाताचं दंडापासून बोटांपर्यंत सगळं चाचपून बघितलं, आपण भाजी घेताना बघतो तसं. मग माझ्याकडे वळून भराभर काहीतरी बोलली. मला एक शब्द कळला नाही. चार महिने मास्तरांच्या आणि वहिनीच्या अम्हारिकवर मी उड्या मारत होते, आणि ही बाई वाऱ्यासारखी बोलते. मी नुसता श्वास आत घेतला. तेवढं पुरलं. तिने मला जिन्यावर पुढे ढकललं.

वहिनी इथे दुसरीच आहे. मोठ्याने बोलते. आईशी भांडते, खालच्या भाजीवालीशी भांडते. भाजीवाली तिला उलट बोलते, आजारी म्हणून सोडत नाही. अडखळते अजून, शब्द सापडला नाही की भिंतीवर बोटं आपटते. हात फारसा सुधारलेला नाही. मराठीचं म्हणशील तर काही नाही. रोज सकाळी मी एखादा शब्द टाकून बघायचे. परवा तिने मला सांगितलं की हे पुरे, शोधायचं तेव्हा मीच शोधेन. मी बंद केलं.

तिला सोडून जाणं जड जातंय, पण मागच्यासारखं नाही. तिची आई मला विचारते, परत कधी येणार? मी म्हणते, माहीत नाही. तर ती म्हणते, असं नाही म्हणायचं, महिना सांग. मी महिना सांगितला आहे.

आता तुझं. तुझं पत्र परवा पोचलं. पाकिटावर तिचं नाव त्यांच्या अक्षरांत बघून मला वाटलं, मास्तरांचं आलं. तू कुठे शिकतोस, कुणाकडे, ते लिहिलं नाहीस. मी विचारत नाही. पाकीट मी फोडलं नाही, तिच्या हातात दिलं. ती खिडकीशी जाऊन बसली. पाचच ओळी होत्या, पण तिला वेळ लागला. तिचं वाचन अजून हळू आहे आणि तुझं अक्षर भयंकर आहे.

मग ती हसायला लागली. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तुला विचारायचं होतं 'तुझा हात कसा आहे', आणि तू लिहिलंस 'माझा हात कसा आहे'. ती आईला वाचून दाखवताना म्हणाली, "याचा हात बराच असणार. एवढं लिहिलंय."

नंतर तिने पेन्सिल मागितली. डाव्या हातात धरून ती तुझ्या पत्रावर वाकली आणि आम्हाला कुणाला जवळ येऊ दिलं नाही. जेवायला हाक मारली तरी उठली नाही. ती पाचही ओळींवरून गेली आहे. तेच पत्र सोबत परत पाठवते आहे, नाराज होऊ नकोस. रेघा वेड्यावाकड्या आहेत, पण जिथे गोल केला आहे तिथे चूक आहे आणि जिथे बाजूला टिंब आहे तिथे बरोबर आहे. टिंबं दोन आहेत. शेवटच्या ओळीत तू 'उत्तर नाही दिलंस तरी चालेल' असं लिहिलं आहेस. त्यात व्याकरणाची चूक नाही, मी तपासलं. तरी तिने ती पूर्ण ओळ खोडली आहे.

खाली डाव्या कोपऱ्यात तिने काय लिहिलं आहे ते तुला वाचता येणार नाही, कारण डाव्या हाताचं आहे, म्हणून मी सांगते. लिहिलं आहे, पुन्हा लिही.

चिंगी